मदत हवी आहे: लियार्ड खोऱ्यातल्या शेलचा सेंद्रिय कार्बन लॉगवर इतका कमी का?

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कोळशातल्या मिथेनवाला. सध्या गळ्यात पडलंय ते कॅनडातल्या लियार्ड खोऱ्याच्या शेल गॅसचा (शेल या बारीक कणांच्या गाळाच्या खडकात अडकलेल्या वायूचा) अंदाज बांधायचं काम. माझ्या वाट्याला आलाय तो ६० अक्षांशाच्या वरचा, नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधला फोर्ट लियार्डच्या आसपासचा तुकडा.

२०१६ च्या सरकारी मूल्यमापनात एक्सशॉ आणि पॅट्री शेलमधून काढता येण्याजोगा वायू २१९ ट्रिलियन घनफूट धरलाय. त्यातला १६७ ब्रिटिश कोलंबियात, ४४ टेरिटरीजमध्ये, ८ युकॉनमध्ये. या ४४ ला आधार किती, ते मला बघायचंय.

अडचण अशी की इकडे विहिरीच मोजक्या. पॉइंटेड माउंटनसारख्या जुन्या विहिरी खोदल्या त्या खालच्या डोलोमाइटमधल्या वायूसाठी. शेल नुसता वाटेत लागला, त्याचा कोअर (खडकाचा अखंड दंडगोल नमुना) कशाला कोण काढतोय! माझ्या हातात आहेत फक्त जुने लॉग (विहिरीत उपकरणं सोडून घेतलेल्या खोलीनुसारच्या नोंदी) आणि कटिंग्जच्या (खोदताना वर आलेल्या खडकाच्या चुऱ्याच्या) पुड्या. एका पुडीत तर निम्मा चुरा वरून ढासळलेल्या दुसऱ्याच थराचा निघाला; रंगावरूनच कळत होतं.

आता घोळ ऐका. रेझिस्टिव्हिटी (खडकाचा विजेला होणारा विरोध) आणि सोनिकचे (खडकातून ध्वनीला लागणाऱ्या वेळेचे) वक्र एकमेकांवर ठेवून कार्बन काढला (पासीची पद्धत), तर शेल जवळजवळ वांझ दिसतो. कटिंग्ज मात्र काळ्या कुळकुळीत, बोटाला डाग पडतो. रॉक-इव्हलमध्ये (नमुना तापवून करायच्या चाचणीत) एस-२ चं, म्हणजे तापवल्यावर नव्याने तयार होणाऱ्या हायड्रोकार्बनचं, शिखर इस्त्री फिरवल्यासारखं सपाट, आणि टी-मॅक्स (ते शिखर ज्या तापमानाला येतं ते) एका नमुन्यात अगदी कमी, तर शेजारच्यात भलताच जास्त. लॉग खरा मानू की कटिंग्ज? आणि ब्रिटिश कोलंबियाचे आकडे सरळ उत्तरेकडे ओढले तर चालेल का?

प्रतिसाद १

कटिंग्ज खऱ्या. हा शेल अतिपक्व आहे. इतका तापला की उरलेला कार्बन ग्राफाइटच्या वाटेला लागतो आणि वीज वाहून नेतो. रेझिस्टिव्हिटी पडते आणि पासीच्या पद्धतीला वाटतं, इथे काहीच नाही. त्यात पायराइट (वीज वाहून नेणारं लोह-गंधकाचं खनिज) असेल तर आणखी भर. घनतेचा लॉग आणि स्पेक्ट्रल गॅमा (खडकाची किरणोत्सर्गिता मोजणाऱ्या) लॉगमधलं युरेनियम घ्या, आणि निवडून धुतलेल्या कटिंग्जच्या प्रयोगशाळेतल्या कार्बनशी जुळवा.

टी-मॅक्स सरळ फेकून द्या. एस-२ ग्रॅममागे ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेला की तो आकडा निरर्थक. पक्वतेसाठी (खडक किती तापला ते कळायला) बिट्युमेनची, म्हणजे खडकात उरलेल्या घट्ट डांबरासारख्या पदार्थाची, परावर्तकता मोजा. डेव्होनियन समुद्रातल्या गाळात व्हिट्रिनाइट (पक्वता मोजायला नेहमी वापरतात तो लाकडापासून झालेला कण) शोधत बसलात तर डोळे जातील. व्हिट्रिनाइटच्या आकड्यात बदलायला याकोबचं सूत्र: बिट्युमेनचा आकडा गुणिले ०.६१८, अधिक ०.४०. म्हणजे ३.५ मोजलात तर सुमारे २.५६, कोरडा वायू.

प्रतिसाद २

कोळसेवाल्यांची नेहमीची चूक करू नका. कोळशात वायू चिकटून बसतो, इथे एवढ्या खोलीवर आणि दाबाखाली बहुतेक छिद्रांत मोकळा असतो. चिकटलेला वायूही जागा खातोच. ती जागा मोकळ्या वायूच्या हिशोबातून वजा केली नाही, तर तोच वायू दोनदा मोजला जातो.

दक्षिणेकडचे आकडे ओढण्याबद्दल: त्यांचा जीव मुख्यतः ब्रिटिश कोलंबियातल्या मूठभर विहिरींत आहे. २०१२ मध्ये अपाचीने जाहीर केलेल्या विहिरीने सहाच फ्रॅकवर (दाबाने खडक फोडण्याच्या टप्प्यांवर) पहिले ३० दिवस सरासरी रोज २.१३ कोटी घनफूट वायू दिला. असली विहीर नमुना म्हणून उत्तरेत नेणं म्हणजे वर्गातल्या पहिल्या नंबरावरून शाळेचा निकाल लावणं. जाडी, खोली आणि दाब तुमच्याच लॉगवरून घ्या. आणि बोव्ही भ्रंशाच्या पूर्वेचं हॉर्न रिव्हर खोरं तुलनेला घेऊ नका, तिथले शेल बरेच उथळ आहेत.

धागाकर्ता

दोघांचे आभार. वायू खरंच दोनदा मोजला होता, आत्ताच तक्ता उघडून पाहिला. धुतलेल्या कटिंग्ज सोमवारी पाठवतो. घनतेच्या लॉगमध्ये विहिरीची भिंत ढासळलेली जागा बरीच आहे, तिथे काय करता?