गर्भनिरोधनाविषयी जोडीदाराशी कसे बोलावे? मदत हवी आहे
मी २३ वर्षांची असून आमचे नाते दीड वर्षाचे आहे. गर्भनिरोधनाचा विषय काढला की माझा जोडीदार ‘तू नंतर गोळी घे’ एवढे म्हणून मोकळा होतो. वास्तविक संबंधानंतर शक्य तितक्या लवकर घ्यायची ती तातडीची गोळी नेहमीच्या वापरासाठी नसते, आणि कोणतीही गर्भनिरोधक गोळी लैंगिक संसर्गापासून संरक्षण देत नाही; ते काम कंडोमच करतो. हे सारे मला ठाऊक आहे, तरी त्याच्यासमोर शब्द फुटत नाहीत (स्वतःचेच नवल वाटते). कंडोमचा आग्रह त्याला अविश्वास वाटतो. त्याला न दुखावता, पण माघारही न घेता, हे बोलणे कोणत्या वेळी आणि कोणत्या शब्दांत सुरू करावे? दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जाण्याचा कोणाला उपयोग झाला आहे का?