महाप्रसादाच्या केटररचा परवाना

सचिव: सोसायटीच्या महाप्रसादासाठी दोन केटररची दरपत्रकं आलीत. दुसरा ताटामागे 40 रुपयांनी स्वस्त आहे. संध्याकाळपर्यंत मत कळवा.

सी-101: मेनू सारखाच आहे ना? मग स्वस्त तो घ्या.

ए-204: स्वस्तवाल्याच्या कागदावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नंबर नाही. 14 आकडी असतो. 1 ने सुरू झाला तर परवाना, 2 ने तर नोंदणी. बिलावरसुद्धा तो 1 जानेवारी 2022 पासून सक्तीचा आहे. आधी नंबर मागा.

सी-101: प्रसादाला कसला परवाना? आपण कुठे विकतोय?

ए-204: काका, आपण नाही, पण केटरर आपल्याला विकतोय ना. आपल्या पंगतीत लहान मुलं आहेत, ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा आहेत. एखाद्याला जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर 40 रुपयांत काय मिळवलं?

बी-403: नंबर असला म्हणजे स्वयंपाक स्वच्छच असतो असं नाही हं.

ए-204: बरोबर आहे ताई. पण परवान्याबरोबर अटी येतात. पाणी पिण्यायोग्य हवं, स्वयंपाक्या-वाढप्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी हवी. काही झालंच तर एफडीएला, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला तक्रार करताना नाव-पत्ता हातात असतो.

मला खरी काळजी मसालेभाताची आहे. अकराला येणार आणि शेवटची पंगत अडीचला. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर नाहीतर थंड 5 च्या खाली राहायला हवा, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात.

डी-502: परत गरम करू की.

ए-204: भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो. त्याचं उलट्या करवणारं विष गरम करूनही जात नाही. दोन खेपांत ताजा करून आणायला सांगा, बासुंदीही वाढायच्या वेळीच बाहेर काढा.

सचिव: पहिल्याचा नंबर फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर टाकला, परवाना चालू आहे. दुसरा म्हणतो, "अर्ज केलाय." पहिल्यालाच होकार देतो. भात दोन खेपांत, तेही बोललो.

बी-403: सरबताला बर्फ मी मागवू?

ए-204: मागवा, पण खायचाच. महाराष्ट्रात 2018 पासून न खायचा बर्फ निळा करायचा नियम आहे. तरी नुसत्या पांढऱ्या रंगावर जाऊ नका, बर्फवाल्याचाही नंबर घ्या.