मदत हवी आहे: हुरड्यासाठी मोठा लाकडी जेंगा करतेय, ठोकळे वाकडे झालेत

नमस्कार मंडळी, सुतारकामातलं कळणाऱ्यांनी जरा वेळ काढून वाचा प्लीज.

आमचं शेत सोलापूरहून अर्ध्या तासावर, मोहोळच्या बाजूला आहे. दरवर्षी संक्रांतीला गड्डा यात्रेसाठी पुण्या-मुंबईचे नातेवाईक येतात, नंदीध्वजांची मिरवणूक झाली की एक दिवस सगळे शेतावर हुरड्याला. तीस-पस्तीस माणसं असतात. आगटी पेटते, गरम कणसं चोळून चोळून हात लाल होतात, शेंगाची चटणी, गूळ, दही, सगळं छान होतं पण दुपारी जेवणं उरकली की मोठी माणसं चिंचेखाली आडवी होतात आणि पोरं गाडीत जाऊन मोबाईल बघत बसतात, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटतं. वर्षातनं एकदा भेटतात ओ ही भावंडं.

म्हणून यावर्षी अंगणात खेळायचा मोठा जेंगा करायचं ठरवलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी, ५४ ठोकळे असतात, तीन-तीनचे १८ थर, एक थर उभा एक आडवा, खालचा एक ठोकळा एका हातानं काढायचा आणि वर ठेवायचा, ज्याच्या हातून मनोरा पडला तो हरला. लेस्ली स्कॉट नावाच्या बाईंनी घानामध्ये त्यांच्या स्वतःच्या घरी खेळला जाणारा खेळ १९८३ मध्ये बाजारात आणला आणि जेंगा हा शब्द स्वाहिलीतल्या ‘बांधणे’ या क्रियापदावरून आलाय. आमच्या आज्जीनं मात्र बघितल्या बघितल्या ‘ही तर उतरंड की’ म्हटलं, तेव्हापासून घरात सगळे उतरंडच म्हणतात.

आता अडचण. मे महिन्यात वळवाच्या वादळात बांधावरचं कडुनिंब पडलं. अप्पांनी लावलेलं झाड होतं, जळणाला घालायला जीव होईना, म्हणून त्याचेच ठोकळे करू असं ठरलं. ओंडका पावसाळाभर तसाच पडून होता, सप्टेंबरात वखारीत नेऊन फळ्या पाडून घेतल्या आणि लगेच ठोकळे कापले, साडेतीन इंच रुंद, दीड इंच जाड, साडेदहा इंच लांब. कापले तेव्हा मापात होते, मी स्वतः टेप लावून बघितलं. दिवाळीत रचून बघितले तर काय, लांबी तेवढीच आहे पण रुंदी सूत-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कमी झालीय, तीन ठोकळे शेजारी ठेवले की जवळजवळ अर्धा इंच कमी भरतात त्यामुळे प्रत्येक थराची टोकं बाहेर येतात. सात-आठ तर पिळल्यासारखे झालेत, सपाट फरशीवर ठेवून बोट दाबलं की टकटक हलतात. आणि काही इतके घट्ट बसतात की ओढलं तर अख्खा थरच सरकतो.

दुसरं म्हणजे वजन. घरच्या काट्यावर एक ठोकळा पाऊण किलोच्या आसपास भरला. ट्रायलच्या वेळी मनोरा पडला तेव्हा भाच्याच्या पायावर एक आला, अंगठ्याचं नख काळं पडलं. तो रडला नाही पण मला रात्रभर झोप नाही, कारण संक्रांतीला चार-पाच वर्षांची पोरं पण असणारेत.

तर हे ठोकळे रंधा मारून वाचतील का, की नवीन लाकूड घेऊ? घेतलं तर कुठलं? आणि शेतात काळी माती आहे, भेगाळलेली, तिथं हे उभं कसं राहायचं? पॉलिश कुठलं करायचं तेही सांगा. हातात दीड महिना आहे.

प्रतिसाद

ताई, आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम आहे म्हणून सांगतो. कडुनिंबाचा दोष नाही, लाकूड ओलं होतं. ओलं लाकूड सुकताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून तुमची लांबी तेवढीच राहिली न् रुंदी गेली. एक इंच जाडीला सावलीत एक वर्ष सुकवायचं असा आमचा ठोकताळा आहे. आत्ता रंधा माराल तर अजून आकसणारच, परत तेच. शिवाय कडुनिंबाला रंधा मारला की तंतू उठतात, हाताला टोचतात. हे ठोकळे फेकू नका, दोन ठोकळ्यात पट्टी घालून हवा खेळेल असे रचून शेडमध्ये ठेवा, पुढच्या वर्षी बघू.

यावर्षी पाइनवूड घ्या. मशिनरीच्या पॅकिंगचं मिळतं, ते कोरडं असतं आणि हलकं पण, तुमच्या मापाचा ठोकळा अर्ध्या किलोच्या आत बसेल. खिळे मात्र एकूणएक काढून घ्या नाहीतर मशीनचं पातं जातं. एकाच लॉटमधल्या आठ फुटी पट्ट्या घ्या, सहा लागतील, एकीतनं नऊ ठोकळे निघतात.

आता मेन गोष्ट. आधी अख्ख्या पट्टीला चारी बाजूनं रंधा मारून घ्या आणि मगच लांबी ठरवा. साडेतीन इंचाच्या मागं लागू नका, रंधा मारून जी रुंदी हातात येईल तिची तिप्पट. सव्वातीन आली तर पावणेदहा, वर एखादा मिलिमीटर जास्त ठेवा म्हणजे ठोकळे एकमेकांना घासत नाहीत. आणि प्रत्येक ठोकळ्यावर पेन्सिलनं खूण करून कापू नका, दर कापाला फरक पडतो, शिवाय पातं पण तीनेक मिलिमीटर लाकूड खातं. मशीनला फर्मा लावून घ्या, पट्टी टेकवली की काप, टेकवली की काप, ५४ च्या ५४ एका लांबीचे येतात.

प्रतिसाद

वरच्या दादांचं बरोबर आहे, फक्त जाडी सगळ्यांची अगदी एकसारखी करू नका. विकतच्या जेंग्यात पण ठोकळ्यांत केसाएवढा फरक मुद्दाम ठेवलेला असतो, त्यामुळं काही सैल बसतात काही घट्ट, आणि कुठला सैल आहे ते बोटानं हळूच ढकलून शोधायचं हाच तर खेळ आहे. पंधरा-वीस ठोकळ्यांना पॉलिश पेपरचे चार हात जास्त मारा, बास.

व्हार्निश नको. उन्हात चिकट होतं, ठोकळे एकमेकांना धरतात. ८० नंबर, मग १२०, मग २२० चा पॉलिश पेपर, सगळ्या कडा न् कोपरे गोल करा (पायावर पडलं तर कोपराच लागतो) आणि वरून मेण चोळून कापडानं पुसून काढा. कोणीतरी कॅरमची पावडर सुचवेल, ती पोरांच्या खेळात अजिबात नको, त्याच हातानं हुरडा खाणार ती. जवसाचं तेल लावणार असाल तर तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेऊ शकते, पसरून वाळवा.

काळ्या मातीचं म्हणाल तर ढेकळं फोडून दोन पाट्या मुरूम टाका, चोपून घ्या, त्यावर दोन फूट बाय दोन फूट जाड प्लाय, गवंड्याची लेव्हल लावून खालनं पाचर मारा. आणि प्लायपासून चार फुटांवर चुन्याचं रिंगण आखा, ज्याची पाळी तोच आत, पायात बूट असेल तरच. बारकी पोरं रिंगणाबाहेर.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. लांबी का नाही बदलली हे मला महिनाभर कळत नव्हतं ओ, मी कापणाऱ्यालाच मनात दोष देत होते.

पाइनवूडचं ठरलं. १८ थर म्हणजे दीड इंचानं सत्तावीस इंच, खेळता खेळता मोठ्यांच्या छातीपर्यंत जाईल, मग लहानांसाठी बारा थरांचाच लावते आणि मोठ्यांचा वेगळा डाव. रिंगणाची आयडिया आज्जीला सांगितली, ती म्हणाली लगोरीला पण आम्ही असंच आखायचो, रांगोळीनं मीच आखून देते.

फक्त एक विचारायचं राहिलं. कडुनिंबाचे सहा-सात ठोकळे बऱ्यापैकी सरळ राहिलेत. अप्पांच्या झाडाचं यावर्षीच्या खेळात काहीतरी असावं असं फार वाटतंय, तर ते सगळ्यात खालच्या दोन थरात घातले तर चालतील का? खालचे थर काढायचेच नाहीत असा नियम केला तर ते पायावर पडायचे पण नाहीत आणि वजनानं बुड पण पक्कं राहील असं मला वाटतं. रविवारी वखारीत जातेय, त्याच्या आधी कोणी सांगितलं तर त्या हिशोबानं जाडी घेईन.

प्रतिसाद

चालतील की. सहाच घ्या, दोन थर होतात. पाइनच्या पट्ट्या रंधून आल्या की त्यांच्या जाडीला हे सहा आणा आणि लांबी पण तेवढीच कापून घ्या. पुढच्या वर्षी थोडे आकसले तरी ते कोणी काढणार नाही, त्यामुळं खेळाला काही होत नाही. फक्त त्यांच्यावर खूण करा, पोरं चुकून ओढतील.

धागाकर्ती

खूण म्हणून अप्पांचं नाव कोरून घेते. मापं आली की इथंच टाकते.