टूलटिप लावली की पॅनेलचा रंग उडतो

माउस पॅनेलवर (खिडकीतला एक चौकोनी भाग) आला की त्याचा रंग बदलायचा आणि बाहेर गेला की पूर्ववत करायचा, हा प्रश्न. त्यावर सांगितलं जातं, की माउसएक्झिटेड हा इव्हेंट (माउसच्या हालचालीची सूचना) आला म्हणजे माउस पॅनेलबाहेर गेला. जावाच्या स्विंगमध्ये (खिडक्या, बटणं बनवायची लायब्ररी) तसं नाही. आतल्या जेबटनवर (स्विंगचं बटण) माउस गेला तरी पॅनेलला एक्झिटेड मिळतो, कारण बटण स्वतः माउस इव्हेंट ऐकत असतं. साध्या जेलेबलवर (नुसता मजकूर दाखवणारं लेबल) हे होत नाही, पण त्याला टूलटिप (माउस थांबला की दिसणारी छोटी सूचना) लावली की तिथेही सुरू होतं! टूलटिपमुळे लेबलला गुपचूप लिसनर (इव्हेंट ऐकणारा कोड) लागतो, हे कळेपर्यंत माझे दोन दिवस गेले.

एक्झिटेडमध्ये कंटेन्स (बिंदू पॅनेलच्या आत आहे का, हे सांगणारी मेथड) तपासायचा, हा सुचवला जाणारा उपाय बरोबर आहे, पण अर्धाच. बटण पॅनेलच्या कडेला चिकटलेलं असेल तर माउस तिथूनच बाहेर पडतो, पॅनेलला पत्ताच लागत नाही आणि रंग तसाच राहतो. तोच लिसनर बटणालाही लावा, आणि स्विंगयुटिलिटीजच्या कन्व्हर्टपॉइंटने माउसचा बिंदू पॅनेलच्या हिशेबात आणून मगच तपासा.