पोर्तुगालला कोइंब्रात एमएससी : भाषा शिकून जाऊ का?

कोरेगावची_लेक

नमस्कार. मी कोरेगावची, साताऱ्यात सिव्हिल केलं. कोइंब्रा विद्यापीठात पाण्याच्या विषयातल्या एमएससीसाठी अर्ज केला होता, परवा होकार आला. शिकवणं इंग्रजीत असेल असं कळवलंय. पप्पा म्हणतात, मग पोर्तुगीज शिकण्यात तीन महिने कशाला घालवायचे, तेवढे दिवस साईटवर काम कर, चार पैसे जमतील. आईला वेगळी काळजी. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. तिथं खायचं काय? ओळखीत जर्मनीला, आयर्लंडला गेलेले बरेच आहेत, पोर्तुगालला गेलेलं एकही माणूस नाही. कुणी राहून आलं असेल तर कृपया सांगा.

घाटमाथा

अभिनंदन! मी दोन वर्षं लिस्बनला कंपनीच्या कामासाठी होतो. इंग्रजीवर सगळं निभावलं. पप्पांचं ऐक, पैसे साठव. तिथं पहिले दोन महिने पैसा पाण्यासारखा जातो.

गावभाग_सांगली

मी त्याच विद्यापीठात दोन वर्षं काढून आले, त्यामुळं जरा सविस्तर लिहिते.

दादांचं लिस्बनपुरतं बरोबर असेल. कोइंब्रा वेगळं आहे. वस्ती दीड लाखाच्या आतली, म्हणजे आपल्या सांगली-मिरजेपेक्षा कितीतरी लहान. विद्यापीठ १२९० मध्ये लिस्बनला सुरू झालं आणि १५३७ पासून कायमचं कोइंब्रातल्या टेकडीवर आलं. सगळं गाव त्याच्याभोवती. वर्गात तुझं इंग्रजीवर भागेल. पण खोली देणारी बाई, भाजीवाली, दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस, हे सगळे पोर्तुगीजच बोलणार. शिकूनच जा. पूर्ण तीन महिने दे.

आणि एक चूक माझ्यासारखी करू नकोस. मी मोबाईलवर चार महिने शिकले, ती निघाली ब्राझीलची बोली. पहिल्या आठवड्यात मला कुणाचं एक वाक्य कळलं नाही. पोर्तुगालची माणसं स्वर गिळतात. लिहितात ‘तेलेफोने’, ऐकू येतं ‘तल्फॉन’. शेवटच्या ‘स’चा ‘श’ होतो. त्यामुळं पोर्तुगालच्याच माणसांचं बोलणं रोज तासभर ऐक. अर्थ नाही लागला तरी चालेल, कान तयार होऊ दे.

पहिली खोली मी घाईनं घेतली. मालक करारपत्र देईना, आणि करारपत्र नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. दोन महिन्यांत सोडली. दुसरी घरमालकीण सत्तरीची, एकटी राहणारी. तिनं हातात किल्ली ठेवली आणि म्हणाली, ‘शाव’. मी नकळत बोलून गेले, ‘चावी!’ नोव्हेंबरात पाऊस लागला, कोपऱ्यात छत गळायला लागलं, तर ती जिना चढून ‘बाल्द’ घेऊन आली. बादली. त्या रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून असे शब्द गोळा करत होतो. साबण, पाव, बटाटा, फीत, बिजागरी. आपला पगारसुद्धा त्यांच्या ‘पैसे देणे’ या क्रियापदातून आलाय. मी सिव्हिलची, म्हणून घमेलं आणि मिस्त्रीही तिकडचेच हे कळल्यावर मला फार आनंद झाला. साईटवर रोज तोंडात असलेले शब्द समुद्र ओलांडून आलेत, हे आपल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

थंडीचं ऐक. बर्फ पडत नाही, पण जुन्या घरांत गरम करायची सोय नसते आणि भिंतींना बुरशी येते. पावसाळ्यात महाबळेश्वरला कपाटातले कपडे जसे होतात तसंच, फक्त थंडीत. खोली बघताना ऊन कुठून येतं ते आधी बघ.

आता नदीचं. तू पाण्याचाच विषय घेतलायस, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. गावातून मोंदेगो वाहते. उगमापासून मुखापर्यंत पोर्तुगालमध्येच वाहणाऱ्या नद्यांत सर्वांत लांब. पलीकडच्या काठावर सांता क्लारा-अ-व्हेल्या नावाचा चौदाव्या शतकातला जोगिणींचा मठ आहे. पुराचं पाणी सारखं आत यायचं. जोगिणींनी चर्चमध्ये अर्ध्या उंचीवर दुसरी जमीन घातली आणि तिथं प्रार्थना चालू ठेवली. तरी पाणी थांबेना. शेवटी १६७७ मध्ये मठ सोडून वर टेकडीवर नवा बांधला. जुना गाळात रुतून राहिला, तो १९९५ नंतर उकरून काढलाय.

मी त्या कमानींखाली उभी राहिले आणि मला आमचं सांगलीच्या गावभागातलं घर दिसलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमच्या भिंतीवर २००५ ची खूण आहे आणि तिच्या वर २०१९ ची. आम्हीही सामान माळ्यावर, मग शेजारच्यांच्या गच्चीवर, असंच चढत गेलो होतो.

बाहेर काठावर एक आजोबा गळ टाकून बसले होते. त्यांनी सांगितलं, आमच्या नदीला ‘बाझॉफियाश’ म्हणतात. म्हणजे बढाईखोर. उन्हाळ्यात वाळू आणि हिवाळ्यात गावभर तोरा, म्हणून. वरच्या अंगाला आगिएराचं धरण झाल्यापासून जोर कमी झालाय, पण गेलेला नाही. पुराला तिथं ‘शैया’ म्हणतात, म्हणजे भरलेली. मी माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये त्यांना कृष्णेचं सांगितलं, हात डोक्याच्या वर नेऊन पाणी कुठवर आलं ते दाखवलं. त्यांनी गळ खाली ठेवला आणि किती माणसं गेली ते विचारलं. मला आकडा सांगता येत होता, पण ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली हे सांगायला शब्द नव्हते. तेवढ्यासाठी मी पुढचं वर्षभर भाषा शिकले. माझा प्रबंध इंग्रजीतच झाला, पण त्यासाठी काठावरच्या शेतकऱ्यांना जे विचारलं ते त्यांच्या भाषेत विचारलं.

व्हिसाचं थोडक्यात. शिक्षणाचा व्हिसा चार महिन्यांचा मिळतो, राहण्याचा परवाना तिथं गेल्यावर. माझी तारीख सात महिने लागली नाही आणि त्या भानगडीत भावाच्या लग्नाला येता आलं नाही. अजून सलतं. गेल्या गेल्या त्या कामाला लाग.

मिरज_तंतुवाद्य

ताई, आमच्या घरी तंबोरे, सतारी बनतात. कोइंब्राची गिटार वेगळी असते असं ऐकलंय. पाहिलीत का?

गावभाग_सांगली

पाहिली आणि ऐकलीही. पेरूच्या आकाराचं पोट, बारा तारा, सहा जोड्यांत. लिस्बनच्या गिटारीपेक्षा एक स्वर खाली लावतात, आणि डोक्याला अश्रूच्या थेंबासारखा कोरीव शेवट असतो. मे महिन्यात विद्यार्थ्यांचा ‘केइमा दश फीताश’ नावाचा उत्सव होतो. फिती जाळणं! मुलं आपल्या शाखेच्या रंगाची फीत जाळतात. त्याची सुरुवात मध्यरात्री जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर काळ्या झग्यातल्या मुलांच्या गाण्यानं होते. हजारो माणसं आणि चिडीचूप. कोइंब्राच्या फादोला, म्हणजे या गिटारीवरच्या गाण्याला, टाळ्या वाजवत नाहीत, दाद द्यायला घसा खाकरतात. आमच्या मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेची आठवण येऊन मला तिथं रडू आलं होतं.

कोरेगावची_लेक

ताई, पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते म्हणाले, शीक. आईचं राहिलंय.

गावभाग_सांगली

आईंना सांग, २०१७ च्या कायद्यानं तिथल्या सरकारी उपाहारगृहांत, विद्यापीठाच्यासुद्धा, एक पूर्ण शाकाहारी पर्याय ठेवावाच लागतो. त्यात अंडं-दूधही नसतं. मी तिथं रोज जेवायचे. फक्त सूप घेताना विचारत जा. बटाटा आणि पालेभाजीचं हिरवं सूप दिसतं शाकाहारी, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती टाकतात. आणि नुसतं ‘मांस नको’ म्हणालीस तर मासे वाढतील. पूर्ण वाक्य पाठ कर : ‘नांउ कोमु कार्न, नँय पाइश, नँय ऑवुश.’ मांस खात नाही, मासे नाही, अंडी नाही. बाकी छोटा कुकर आणि घरचं तिखट बॅगेत टाक. तांदूळ आणि डाळ तिथं मिळते.