रिंगांच्या माथ्यावर गायड-स्कोप: आटे जुळत नाहीत, पट्टी कशी बसवावी?

आर्द्रा:
दुर्बीण न्यूटोनियन, १५० मिमी व्यास, ७५० मिमी नाभीय अंतर, विषुववृत्तीय माउंटवर. नळी धरायला बिजागरीच्या दोन रिंगा, खाली डव्हटेल पट्टी (माउंटच्या खाचेत अडकणारी). एका रिंगेच्या माथ्यावर कॅमेऱ्यासाठीचा पाव इंची खुंट आहे, दुसरीवर नुसतं आट्यांचं भोक. त्या भोकात एम६ बोल्ट सुरुवातीला डगडगत जातो आणि मग अडकतो. वर ५० मिमीचा गायड-स्कोप (फोटो काढताना ताऱ्याचा माग ठेवणारी छोटी दुर्बीण) आणि दव रोखणाऱ्या पट्ट्यांचा कंट्रोलर, मिळून साधारण १.२ किलो बसवायचंय. एकट्या खुंटावर भागेल का? की फाइंडरच्या (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या) शूमध्येच, म्हणजे नळीवरच्या खाचेत, गायड-स्कोप अडकवू?

पाना_दहा:
अडकला तिथेच थांबा, पान्याने रेटू नका. भोक पाव इंची दिसतंय. पाव इंची बोल्टचा व्यास ६.३५ मिमी आणि इंचाला २० आटे, म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिमी अंतर. एम६ला ते १ मिमी. म्हणून आधी सैल आणि पुढे घट्ट. उलट प्रकारात, म्हणजे एम६च्या भोकात पाव इंची बोल्ट, तोंडालाच अडतो. रिंगा ॲल्युमिनियमच्या, बोल्ट पोलादी; जोर लावला की आटे रिंगेचेच मरतात. खात्रीसाठी बोल्ट कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या स्क्रूशेजारी आडवा धरून आट्यात आटा बसवून बघा. एकाच मापाचे असतील तर शेवटपर्यंत बसतात, मधे फट दिसत नाही.

लांबी मोजूनच घ्या. भोकाची खोली व्हर्नियरच्या शेपटीने मोजा. समजा ती १४ मिमी, पट्टीत बोल्टच्या डोक्याखाली ८ मिमी धातू आणि १ मिमीचा वायसर. मग पाऊण इंची (१९ मिमी) बोल्ट १० मिमी आत जातो. ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट पकड हवी, तेवढी मिळते. भोक आरपार असेल तर लांब बोल्ट रिंगेच्या आतल्या नमद्यातून बाहेर येऊन नळीच्या पत्र्याला पोचा पाडतो. बाहेरून काही कळत नाही, रिंग उघडल्यावरच दिसतं.

ध्रुवमत्स्य:
एकट्या खुंटावर नको. बोल्ट कितीही आवळा, एका बिंदूवरची वस्तू त्याच्याभोवती फिरू शकते, आणि केबल ओढली गेली की फिरतेच. फाइंडरचा शू नळीच्या पातळ पत्र्यावर असतो. नजरेने बघायला ठीक, ७५० मिमीवर फोटो काढायला नाही. दोन्ही रिंगांच्या माथ्यावरून एकच पट्टी टाका. खाली एक, वर एक पट्टी म्हणजे चौकटच होते आणि रिंगा पुढेमागे कलत नाहीत.

खुंट काढावा लागेल. काही रिंगांत तो आतून, नमद्याखालून घातलेला असतो. नमद्याची कड हळूच उचलून पाहा.

बसवताना क्रम चुकवू नका. सगळे बोल्ट हाताने, सैलच लावा. मग नळी ठेवून रिंगा बंद करा, नंतर खालची डव्हटेल आवळा, वरची पट्टी सगळ्यात शेवटी. वरची आवळण्याआधी तिच्या एका टोकाला बोटाने दाबा. दुसरं टोक उचललं तर दोन माथे एका पातळीत नाहीत. तशीच आवळली की रिंगा पिळतात. फटीत पातळ पत्र्याचा तुकडा घाला, रबर नको.

आर्द्रा:
पट्टी लावल्यावर रिंगा उघडतील ना? नळी फिरवावी लागते.

ध्रुवमत्स्य:
दोन्हींच्या बिजागऱ्या एकाच बाजूला असतील तर वरचे अर्धे भाग पट्टीसकट एकत्र उघडतात. एक रिंग उलटी बसवलेली असेल तर काहीच उघडत नाही; आत्ताच तपासा.

रोहिणी_शकट:
तोलाबद्दल एक. डव्हटेलच्या बरोबर समोर, माथ्यावर ठेवलेलं वजन डेक अक्षाच्या (दुर्बीण उत्तर-दक्षिण फिरवणाऱ्या) रेषेत येतं. त्यामुळे पट्टी पुढेमागे सरकवून डेकचा तोल साधला की वाढीव भार उरतो तो फक्त आर.ए.वर, म्हणजे आकाशाबरोबर फिरणाऱ्या दुसऱ्या अक्षावर. १.२ किलो वजन आर.ए. अक्षापासून ४०० मिमीवर धरलं, तर ५ किलोचं काउंटरवेट ९६ मिमी बाहेर न्यावं लागेल. दांडा तेवढा लांब आहे का ते आधी बघा. कंट्रोलर मात्र माथ्यावर न ठेवता फोकसरच्या (कॅमेरा लावतो त्या भागाच्या) विरुद्ध कडेला लावा, कॅमेऱ्याचं एका बाजूचं वजन थोडं फिटतं.

गायड-स्कोप त्याच्या कड्यांत नायलॉनच्या स्क्रूंवर असेल तर ते बेताने आवळून वरचे लॉक-नट लावा. हिशेब असा: दोन कड्यांत १५० मिमी अंतर असेल, तर एक टोक ०.७ मायक्रॉन खचलं की गायड-स्कोप १ विकला (अंशाचा ३६००वा भाग) कलतो. ३.७६ मायक्रॉनच्या पिक्सेलवर तुमच्या दुर्बिणीत तो जवळपास एक पिक्सेल. केबल पट्टीलाच एका जागी बांधा, पुढे सैल वेढा सोडा.

एवढं करूनही गायडिंगचा आलेख सरळ आणि तारे मात्र एकाच दिशेला लांबट येत असतील, तर रिंगांना दोष देऊ नका. मुख्य आरसा त्याच्या घरात सरकतोय का ते पाहा. त्याला पट्टीचा उपाय नाही, ऑफ-ॲक्सिस गायडरचा आहे, म्हणजे मुख्य दुर्बिणीच्याच प्रकाशातून माग ठेवणाऱ्या गायडरचा.