मदत हवी आहे: आकडा वाढला नाही, पण माणसं जोडली गेली, हे कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही पाच-सहा जण दर रविवारी सकाळी पुण्यात एरंडवण्याच्या कमला नेहरू पार्कात एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना भेटतो, गप्पा, पेपर वाचून दाखवणं, मुलांना व्हिडिओ कॉल लावून देणं, एवढंच. आता एक कंपनी सीएसआरमधून (समाजकामासाठीचा कंपनीचा निधी) पैसे द्यायला तयार आहे पण त्यांना फक्त लाभार्थी किती आणि महिन्याला वाढले किती एवढंच हवंय. आमचे वर्षापूर्वी २२ होते, आजही २२च. पण ज्या आजी सुरुवातीला बाकाच्या टोकाला पिशवी मांडीवर घट्ट धरून गप्प बसायच्या त्या आता शेजारणीसाठी रुमाल टाकून जागा धरतात, ती आली नाही तर लगेच फोन लावतात, हे एक्सेलच्या कुठल्या रकान्यात भरू? मला तरी हेच खरं काम वाटतं.

शोधताना १९७८ ची यूसीएलए लोनलिनेस स्केल (एकटेपणा मोजायची प्रश्नावली) सापडली, २० प्रश्नांची, ३ प्रश्नांची छोटीही आहे, सोबत कोणी नाही असं कितीदा वाटतं वगैरे. मराठीत कोणी वापरलीये का? आणि हे आजींना तोंडावर विचारायचं तरी कसं, त्यांना वाईट न वाटता? बुधवारपर्यंत रिपोर्ट द्यायचाय, प्लीज सांगा.